एका राज्यात दोन फौजा नकोत

मराठीत इस्रायलबद्दल जे लिहिलं-वाचलं जातं, त्यात शौर्यकथांचा भरणा मोठा असतो. १९६७ चं सहा दिवसांचं युद्ध, एन्टेबीची सुटका, मोसादच्या कारवाया. राज्यस्थापनेआधीच्या भूमिगत लढवय्यांपैकी ‘पालमाख’ या निवडक फौजेबद्दल जे थोडंफार कानावर येतं, तेही याच सुरातलं असतं. या तरुणांनी पूल उडवले, निर्वासितांची जहाजं इंग्रजांच्या नाकावर टिच्चून किनाऱ्याला लावली, आणि पुढे त्यांच्यातूनच सेनापती आणि पंतप्रधान निघाले. हे सगळं खरं आहे. पण पालमाखच्या जेमतेम आठ वर्षांच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची घटना कोणती असं कुणी विचारलं, तर मी ७ नोव्हेंबर १९४८ ही तारीख सांगेन. त्या दिवशी तिचं स्वतंत्र मुख्यालय बंद झालं. शत्रूनं नव्हे, तिच्याच देशाचे पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांनी ते बंद केलं, आणि तेही युद्ध चालू असताना. तो निर्णय योग्य होता असं माझं मत आहे. तो ज्या रीतीनं अमलात आला त्यात बरंच खुपण्यासारखं होतं, हेही तितकंच खरं.

पालमाख म्हणजे प्रहार तुकड्या. १९४१ च्या मे महिन्यात पॅलेस्टाईनमधल्या ज्यू समाजाच्या ‘हगाना’ या भूमिगत संरक्षण संघटनेनं त्या उभ्या केल्या. काळ मोठा धास्तीचा होता. पश्चिमेकडून आफ्रिकेच्या वाळवंटातून रोमेल पुढे सरकत होता आणि उत्तरेला सीरिया-लेबनॉन जर्मनीशी तडजोड केलेल्या विशी फ्रान्सच्या ताब्यात होतं. अशा वेळी इंग्रजांनाही हगानाची मदत हवी होती. यित्झाक सादे हा रशियाच्या लाल सैन्यात लढलेला माणूस पालमाखचा पहिला सेनापती झाला. सुरुवातच जिवावरच्या कामगिऱ्यांनी झाली. त्याच मेमध्ये हगानाचे २३ जण एका ब्रिटिश अधिकाऱ्यासह ‘सी लायन’ नावाच्या नौकेतून लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या तेल कारखान्यावर हल्ला करायला निघाले, आणि त्यांचा पुन्हा कधीच ठावठिकाणा लागला नाही. जूनमध्ये सीरिया-लेबनॉनवरच्या स्वारीत ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैन्याला वाट दाखवताना पालमाखचे तुकडीप्रमुख मोशे दायान यांचा डावा डोळा गेला.

१९४२ च्या अखेरीस अल-अलामीनची लढाई इंग्रजांनी जिंकली, धोका टळला आणि त्यांना पालमाख नकोशी झाली. पैसा आटणार हे त्याआधीच दिसू लागलं होतं. काही शे तरुणांना खायला घालायचं कुणी? राज्य नाही, तिजोरी नाही, आणि भूमिगत फौजेचा पगार कुठल्याच हिशेबात दाखवता येत नाही. यातून जी वाट निघाली, ती पालमाखच्या पुढच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. किबुत्झ हामेउहाद या सामूहिक शेतवस्त्यांच्या महासंघाचे नेते यित्झाक ताबेंकिन यांनी सुचवलं की या पोरांना आमच्या वस्त्यांवर पाठवा. महिन्यातले साधारण १४ दिवस त्यांनी शेतात, गोठ्यात, संत्र्याच्या बागेत राबावं, आठ दिवस कवायत करावी, बाकी सुट्टी. त्यांचा खर्च त्यांच्याच घामातून निघेल.

व्यवस्था म्हणून ही योजना अफलातून होती. इंग्रज अधिकाऱ्याला बघायला काय मिळायचं, तर खाकी अर्ध्या चड्डीतली, उन्हानं रापलेली शेतमजूर मुलंमुली. बंदुका ‘स्लिक’मध्ये, म्हणजे जमिनीखालच्या छुप्या कोठारांत दडवलेल्या. तंबू वस्तीच्या कडेला. रात्री शेकोटी, ‘फिंजान’मध्ये उकळणारी कॉफी, कुणाच्या तरी खुराड्यातून पळवलेली कोंबडी आणि गाणी. अंगावर गणवेश नाही की खांद्यावर हुद्द्याची पट्टी नाही, आणि सलाम तर नाहीच. तुकडीप्रमुखाला सगळे नावानं हाक मारायचे, पण तो पुढे होऊन ‘माझ्यामागं या’ म्हणाला की जायचे. मुली फक्त स्वयंपाक आणि मलमपट्टीपुरत्या नव्हत्या. त्या हत्यारं चालवायला शिकत, रात्रीच्या पायपिटीत असत. गुलामीतल्या एका समाजानं इतक्या कमी साधनांत इतकी सक्षम फौज उभी केल्याची उदाहरणं फार नाहीत, आणि या मुलांच्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण खाल्ल्या मिठाला जागणं हा माणसाचा धर्म आहे. ज्या वस्त्यांनी पालमाखला पोसलं त्यांचं एक ठाम राजकारण होतं, डाव्या श्रमिक चळवळीचं, आणि तेही बेन-गुरियन यांच्या ‘मापाय’ पक्षाशी फारकत घेतलेल्या गटाचं. प्रशिक्षणाच्या जोडीला तिथं विचारही मिळत होता. १९४८ च्या जानेवारीत ‘मापाम’ हा नवा डावा पक्ष निघाला, तेव्हा पालमाखचे बहुतेक वरिष्ठ अधिकारी त्याच्या बाजूचे होते. १९४५ पासूनचे सेनापती यिगाल आलोन त्यांतले सर्वांत ठळक. कुणी कट केला होता असं नाही. फौज ज्याच्या ताटात जेवते त्याच्याकडे झुकते, एवढंच घडलं.

याचे परिणाम राज्यस्थापनेआधीच दिसू लागले होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये ‘लेही’ या जहाल गटानं कैरोत लॉर्ड मॉइन या ब्रिटिश मंत्र्याची हत्या केली. त्यानंतर ज्यू नेतृत्वानं ‘इर्गुन’ या उजव्या भूमिगत संघटनेविरुद्ध मोहीम उघडली. इतिहासात तिला ‘सेझाँ’, म्हणजे शिकारीचा हंगाम, असं नाव आहे. पालमाखच्या मुलांनी इर्गुनच्या मुलांना पकडलं, काहींना किबुत्झांवर डांबून चौकशी केली आणि कित्येकांना इंग्रजांच्या हवाली केलं. हत्या लेहीनं केली आणि शिकार प्रामुख्यानं इर्गुनची झाली. वर्षभरातच वारं फिरलं. १९४५ च्या शरद ऋतूत हगाना, इर्गुन आणि लेही इंग्रजांविरुद्ध एकत्र आले, आणि काल ज्यांना पकडून दिलं ते आज जोडीदार झाले. मला यातली कटुता तर जाणवतेच, पण त्याहून जास्त जाणवते ती कायद्याची गैरहजेरी. कुणाला पकडायचं आणि कुणाशी हातमिळवणी करायची, हे ठरवणारं न्यायालय नव्हतं, निवडून आलेलं सरकार नव्हतं. पुढाऱ्यांचा कौल आणि पोरांची निष्ठा, एवढ्यावर सगळा कारभार. परकी सत्ता असताना याला पर्याय नव्हता हे मान्य. म्हणूनच ती सत्ता गेल्यावर हे एक दिवसही चालू राहायला नको होतं.

त्या एकजुटीच्या काळातली पालमाखची कामगिरी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वत्र वाचायला मिळते. ऑक्टोबर १९४५ मध्ये अतलीत इथल्या इंग्रजांच्या छावणीवर छापा घालून सुमारे दोनशे निर्वासितांची सुटका केली, आणि त्या मोहिमेत यित्झाक राबिन नावाचा, पुढे पंतप्रधान झालेला २३ वर्षांचा तरुण उपप्रमुख होता. जून १९४६ मध्ये एकाच रात्री शेजारी देशांना जोडणाऱ्या ११ पुलांवर हल्ले झाले. अखझिवच्या पुलापाशी मात्र स्फोटकांनी वेळेआधीच पेट घेतला आणि त्या एका ठिकाणी १४ जण गेले. पुढे पालमाखच्या नौदल शाखेचे लोक ‘एक्सोडस’सारख्या जहाजांवर होते, युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेल्यांना घेऊन येत होते.

१४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा झाली. पाच अरब राष्ट्रांची सैन्यं चालून आली. २६ मे रोजी, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना, हंगामी सरकारनं संरक्षण सेनेचा वटहुकूम काढला. त्याचं चौथं कलम सांगतं की या सेनेखेरीज दुसरं कोणतंही सशस्त्र दल उभारता किंवा ठेवता येणार नाही. एका ओळीचं कलम, पण राज्य आणि टोळी यांच्यातला फरक त्यात आला.

या कलमाची पहिली कसोटी महिन्याभरातच लागली. इर्गुननं युरोपातून आणलेलं ‘अल्तालेना’ जहाज सुमारे ९०० माणसं आणि हजारो बंदुका घेऊन आलं. हत्यारांतला काही वाटा आपल्याच तुकड्यांना मिळावा असा इर्गुनचा आग्रह होता. बेन-गुरियन यांनी ठाम नकार दिला. २२ जूनला तेल अवीवच्या किनाऱ्यावर, शहराच्या डोळ्यांदेखत सैन्यानं त्या जहाजावर तोफ डागली. इर्गुनचे १६ आणि सैन्याचे तीन जण ठार झाले. पालमाखचं मुख्यालय त्याच किनाऱ्यावर होतं आणि गोळीबारात पालमाखची माणसं आघाडीवर होती. राबिनही तिथंच होते. इर्गुनचे प्रमुख मेनाखेम बेगिन यांनी आपल्या लोकांना उलट गोळीबार करू नका असं बजावलं. यादवी टळली याचं मोठं श्रेय त्या संयमाला द्यायला हवं, आणि बेगिन यांच्या राजकारणाशी पटत नसलेल्यांनीही ते द्यायला हवं.

माझा सगळा युक्तिवाद या किनाऱ्यावर उभा आहे. ज्या तत्त्वासाठी पालमाखच्या सैनिकांनी आपल्याच धर्माच्या, आपल्याच भाषेच्या माणसांवर गोळी झाडली ते तत्त्व होतं ‘एक राज्य, एक सैन्य’. ते तत्त्व इर्गुनला लागू आणि पालमाखला माफ असं कसं चालेल? तसं झालं असतं, तर अल्तालेनावर मेलेले १६ जण एका पक्षाच्या फौजेनं दुसऱ्या पक्षाच्या फौजेचे केलेले खून ठरले असते. त्या गोळीबाराला काही नैतिक आधार द्यायचा असेल, तर तो देण्याचा एकच मार्ग होता. गोळी झाडणाऱ्यांनीही आपलं वेगळेपण सोडायचं. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे स्वीडिश मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची लेहीनं जेरुसलेममध्ये हत्या केली, तेव्हा सरकारनं तिथल्या उरल्यासुरल्या इर्गुनलाही अखेरचा इशारा देऊन मोडीत काढलं. त्यानंतर काही दिवसांतच पालमाखचं मुख्यालय गुंडाळण्याचा आदेश निघाला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी विरोधकांची हत्यारं घेतली, मग घरच्यांची.

पालमाखच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मुख्यालय आता युद्धाचे हुकूम देतच नव्हतं. यिफ्ताख, हारेल आणि नेगेव्ह या तिन्ही ब्रिगेड आपापल्या आघाडीच्या सेनापतींच्या हाताखाली लढत होत्या. मुख्यालयाकडे उरलं होतं ते भरती, प्रशिक्षण आणि ती खास वृत्ती जपण्याचं काम. मग त्याचा त्रास कुणाला होता? शिवाय या फौजेनं राज्यासाठी हजाराहून अधिक जीव दिले होते. जेरुसलेमच्या रस्त्यावर हारेल ब्रिगेडची तर चाळण झाली होती. आणि बेन-गुरियन काही पक्षातीत संत नव्हते. पालमाख मोडली की मापामचा कणा मोडणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ऑक्टोबरमध्ये हिस्ताद्रुत या कामगार महासंघाच्या बैठकीत यावर कडाक्याचा वाद झाला. त्याच आठवड्यांत आलोन दक्षिणेत इजिप्तच्या सैन्याला मागे रेटत होते, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या फौजेनं बेरशेबा शहर जिंकलं. विजय मिळवून देणाऱ्या सेनापतीचं मुख्यालय पाठीमागे बंद होत होतं.

यातलं शेवटचं खुपतंच. तरी मुद्दा टिकत नाही. मुख्यालय युद्धाचे हुकूम देत नव्हतं म्हणून निरुपद्रवी होतं, हे शांततेच्या काळात ठीक. पण अधिकारी कोण होणार, नव्या पोरांना काय शिकवायचं आणि कुणाला आपला मानायचं हे जे कार्यालय ठरवतं, ते उद्याच्या फौजेची निष्ठा घडवतं. एखाद्या सरकारनं असा निर्णय घेतला की जो या कार्यालयाला पटला नाही, तर काय होणार होतं? सुदानमध्ये २०१३ साली सरकारच्याच आशीर्वादानं उभं केलेलं निमलष्करी दल २०२३ मध्ये सैन्याशी भिडलं आणि देश उद्ध्वस्त झाला. समांतर फौज उपयोगी असते तोवर कुणाला तिची भीती वाटत नाही, आणि भीती वाटू लागते तेव्हा उशीर झालेला असतो. बेन-गुरियन यांचा हेतू निर्मळ नव्हता म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. राजकारणात योग्य गोष्टी पुष्कळदा स्वार्थी माणसांच्याच हातून होतात.

रीतीबद्दल मात्र मी त्यांना सोडणार नाही. १९४९ च्या मार्चमध्ये देशाच्या दक्षिण टोकाला, आजच्या एलातला, पोचलेल्या नेगेव्ह ब्रिगेडकडे झेंडा नव्हता. त्यांनी एका पांढऱ्या कापडावर शाईनं दोन पट्टे ओढले, चांदणी लावली आणि तोच फडकवला. काही महिन्यांत ती ब्रिगेडही विसर्जित झाली. त्या ऑक्टोबरात पालमाखच्या सैनिकांनी तेल अवीवला निरोपाचा मेळावा भरवला, तर गणवेशातल्या अधिकाऱ्यांना तिथं जायला बंदी. बेन-गुरियन यांनी राबिन यांना त्या संध्याकाळी घरी बोलावून घेतलं आणि बोलण्यात गुंतवून ठेवलं. राबिन शेवटी उठले आणि मेळाव्याला गेले. त्याबद्दल त्यांना ताकीद मिळाली. आलोन परदेशात असताना त्यांच्या जागी दक्षिण विभागावर दायान यांची नेमणूक झाली, आणि पुढच्या वर्षी आलोन सैन्य सोडून गेले. मेलेल्या मित्रांना निरोप द्यायला जमणाऱ्यांना अडवून राज्य बळकट होत नाही. मुख्यालय बंद करणं हे राज्याचं काम होतं, हे मात्र हिशेब चुकते करणं होतं.

आपल्याकडच्या वाचकाला जवळची वाटेल अशी एक बाजू इथं आहे. पहिल्या साडेतीन वर्षांत इस्रायलमधल्या ज्यूंची संख्या दुपटीहून वर गेली. इराक, येमेन, मोरोक्को, रुमानियातून माणसं आली, आणि अलिबाग, पेण, मुरूडकडचे मराठी बोलणारे बेने इस्रायलीही जाऊ लागले. पालमाखची पोरं बहुतेक त्या मातीत वाढलेली, हिब्रू बोलणारी, एकाच प्रकारच्या शाळांतून आणि युवक चळवळींतून आलेली, एकमेकांना ओळखणारी. रेवदंड्याहून आलेल्या मुलाला त्या शेकोटीभोवती जागा कुठून मिळणार? फौजेचं शिखर एका गटाचंच राहिलं असतं, तर नव्यानं आलेल्यांच्या मुलांना वर चढायची वाटच नसती. एका सैन्यानं समता आपोआप आली असं मी म्हणणार नाही. भेदभावाला कंटाळून बेने इस्रायलींच्या एका गटानं धरणं धरलं आणि १९५२ मध्ये त्यांतल्या काहींना भारतात परत पाठवावं लागलं, हा इतिहास आहे. पण सर्वांसाठी सक्तीची असलेली सेना निदान दार तरी उघडं ठेवते.

किंमतही मोजावी लागली. पालमाखचे पुष्कळ चांगले अधिकारी बाहेर पडले आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायली सैन्याची धार बोथट झाली. सीमेपलीकडच्या मोहिमा फसू लागल्या. त्यावर उतारा म्हणून १९५३ मध्ये एरिअल शेरॉन यांची ‘युनिट १०१’ काढली गेली. तिनं किबिया गावात सुमारे ६९ जणांचा बळी घेतला, त्यांत बहुतांश बायका-मुलं. काही महिन्यांतच ती छत्रीधारी सैनिकांत विलीन झाली. तरीही मुख्यालय गेल्यानं माणसं वाया गेली असं म्हणता येत नाही. १९६४ पासून १९८३ पर्यंतचे पाचही सरसेनापती, राबिन, बार-लेव्ह, एलाझार, गुर आणि एतान, पालमाखमधूनच आलेले होते. ते वर चढले ते राज्याच्या सैन्याच्या शिडीवरून.

आता सर्वांत अवघड भाग, जो आपल्याकडच्या शौर्यकथांत कधीच येत नाही. मे १९४८ मध्ये सफदजवळच्या ऐन अल-झैतून गावात पालमाखच्या तिसऱ्या बटालियनच्या सैनिकांनी अरब बंदिवानांना ठार केलं. जुलैत लिद्दा आणि रामले ही शहरं जिंकली ती आलोन यांच्या नेतृत्वाखाली. लिद्दात गोळीबार होऊन शेकडो माणसं मेली. मग रहिवाशांना घालवून देण्याचा हुकूम निघाला, त्यावर राबिन यांची सही होती. दोन्ही शहरांतून पन्नास ते सत्तर हजार माणसं जुलैच्या उन्हात पूर्वेकडे चालत निघाली. म्हातारी माणसं, लहान मुलं तहानेनं वाटेत पडली. त्याच वेळी मापामचे नेते अरबांना हाकलण्याबद्दल तीव्र अस्वस्थता बोलून दाखवत होते. त्यांचे एक मंत्री आहारोन झिसलिंग यांनी तर मंत्रिमंडळात ज्यूंच्या वागण्याला नाझींची उपमा दिली. पण हुकूम पाळणाऱ्या, देणाऱ्या अधिकाऱ्यांत त्याच पक्षाच्या गळ्यातले ताईत होते. ज्या फौजेचा पक्षाला अभिमान, तिला जाब विचारायची ताकद त्या पक्षात उरत नाही.

सैन्य एक झाल्यानं ते सदाचारी होतं, असा माझा दावा नाही. लिद्दाचं काय करायचं असं विचारल्यावर बेन-गुरियन यांनी हातानंच ‘घालवून द्या’ अशी खूण केली, असं खुद्द राबिन यांनी लिहून ठेवलं. म्हणजे तिथं राज्याचा सर्वोच्च माणूसच सामील होता. पण म्हणूनच जबाबदारी कुणाची हे सांगता येतं. एका पक्षाची फौज आणि दुसऱ्या पक्षाचं सरकार असं असतं, तर प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं. राबिन यांनी हेही लिहिलं होतं की यिफ्ताखमधल्या काही सैनिकांनी या कामात भाग घ्यायला नकार दिला, आणि नंतर त्यांची समजूत घालावी लागली. त्यांच्या आठवणींतला हा मजकूर सरकारी समितीनं कापला. १९७९ मध्ये तो अमेरिकेतल्या एका दैनिकानं छापला, तेव्हा लोकांना कळला. पालमाखच्या नकार देणाऱ्या त्या सैनिकांची नावं आपल्याला माहीत असायला हवी होती. पूल उडवणाऱ्यांइतकीच.